तारापूरचे चार सुरुंग

बोईसरला गाडीतून उतरून तारापूरची वाट धरली की आधी औद्योगिक वसाहतीचे धुराडे लागतात, मग अणुऊर्जा केंद्राकडे वळणारा फाटा, मग घरं विरळ होत जातात आणि ताडामाडांच्या वाड्या सुरू होतात. शेवटी खाडी. अलीकडे तारापूर, पलीकडे चिंचणी. उभ्या देशाला तारापूर हे नाव ठाऊक झालं ते २८ ऑक्टोबर १९६९ पासून, इथल्या अणुभट्ट्यांची वीज व्यापारी तत्त्वावर वाहू लागली तेव्हापासून. पण त्याच्या दोनशे तीस वर्षं आधीही हे नाव पुण्याला आणि गोव्याला लोकांच्या तोंडी होतं. खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या किल्ल्यापायी ते तसं गाजलं होतं. १७३९ च्या जानेवारीत या पोर्तुगीज किल्ल्याच्या तटाखाली मराठ्यांनी चार सुरुंग पेरले.

वसईची मोहीम म्हटली की वसईचाच किल्ला डोळ्यांसमोर येतो. ते बरोबरही आहे, शेवट तिथेच झाला. मात्र त्या मोहिमेला वळण लागलं ते वसईला नाही. ते लागलं आजच्या पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर, माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर या चार गावांच्या पट्ट्यात. आदल्या वर्षी इथेच मराठ्यांनी मार खाल्ला होता. पुढच्या हंगामात सरदार बरेचसे तेच होते, शत्रू तोच होता, तटही तेच होते. लढायची रीत मात्र बदलली होती, आणि ती बदलणारा माणूस म्हणजे थोरल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा.

थोडं मागे जायला हवं. वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगीजांना गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ च्या तहात मिळाला. १५५९ मध्ये दमण त्यांच्या हाती आलं. या दोन टोकांच्या मधला किनारा त्यांनी कोटांनी आणि बुरुजांनी शिवून काढला. गोव्याहून पाहिलं तर हा सगळा ‘उत्तरेचा प्रांत’. त्याचा सेनापती वसईत बसायचा, त्याला ‘जनरल ऑफ द नॉर्थ’ म्हणत. किनाऱ्यावर अर्नाळा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू, आणि आत डोंगरात अशेरी, मनोर. एक कोट अडचणीत आला की दुसरा मदतीला यायचा, आणि ती मदत बहुतेक वेळा समुद्रातून यायची. गलबतं भरून माणसं, दारूगोळा आणि तांदूळ उतरवता येत असे. तटाच्या दगडाइतकीच ही पाण्यावरची वाट त्यांची ताकद होती.

या राज्यातली हिंदू रयत सुखी नव्हती. देवळं पाडली गेली होती, उघड सण करणं आणि तीर्थयात्रेला जाणं अवघड झालं होतं, अनाथ मुलांना चर्चच्या ताब्यात घेण्याचा कायदा होता. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अणजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे भाऊ वर्षानुवर्षं पुण्याच्या दारात उभे होते. पेशव्यांनी या मुलखात उतरावं म्हणून त्यांनी घरदार पणाला लावलं. कुठे तट अपुरा आहे, कुठल्या खाडीला कधी ओहोटी असते, कुठल्या चौकीवर किती माणूस आहे, ही माहिती या लोकांनी पुरवली. साष्टीच्या बखरीत त्यांची हकीकत आली आहे. इतिहासात सरदारांची नावं ठळक होतात, पण गंगाजी नाईकांसारखी माणसं नसती तर घाटावरचं सैन्य या चिखलात पहिल्याच आठवड्यात रुतून बसलं असतं.

मार्च १७३७ च्या अखेरीस पहिला घाव ठाण्यावर बसला. पोर्तुगीज तिथे नवा किल्ला बांधत होते, तो पुरा व्हायचा होता. मराठे अचानक आले आणि ठाणं पडलं. साष्टीचं बेट हाती आलं, अर्नाळाही आला. पोर्तुगीजांचा सेनापती ठाणं सोडून निघून गेला. मराठ्यांना सगळ्यात चांगली जमणारी गोष्ट अशीच होती: खबर पक्की, चाल वेगाची, घाव अवचित. नऊ वर्षांपूर्वी, १७२८ मध्ये, पालखेडला थोरल्या बाजीरावांनी याच बळावर निजामाला कोंडीत धरलं होतं.

मग वसई समोर आली आणि सगळं थबकलं.

वसईचा कोट तीन बाजूंनी पाण्याने आणि दलदलीने वेढलेला आहे. पायी जाता येतं ते उत्तरेच्या वाळूवरून, आणि त्या बाजूला तटाची सगळी जाडी एकवटलेली. १७३७ च्या पावसाळ्यात शिड्या लावून वर चढण्याचे प्रयत्न झाले. ते फसले, माणसं गेली. पाऊस, चिखल, वरून बंदुकांचा मारा, आणि हातात तलवार घेऊन शिडीवर चढणारा शिपाई. त्याच्या शौर्यात कसलीही उणीव नव्हती. उणीव होती ती त्याला सांगितलेल्या कामात. घोड्यावरून दिवसाला वीस कोस तोडणाऱ्या माणसाला खारट चिखलातून शिडी खांद्यावर घेऊन धावायला लावलं होतं.

त्यात सैन्यही कमी पडत गेलं. १७३७ च्या अखेरीस बाजीराव माळव्यात भोपाळजवळ निजामाला वेढून बसले होते. निजामाचा मुलगा नासिरजंग दक्षिणेतून बापाच्या मदतीला जाऊ नये म्हणून चिमाजीअप्पांना तापीकाठी थांबावं लागलं. कोकणात राहिलेल्या सरदारांच्या हाताशी माणूस थोडा आणि काम अवाढव्य. तरीही १७३८ च्या सुरुवातीला त्यांनी माहीमला मोर्चे लावले. पोर्तुगीजांनी समुद्रातून कुमक उतरवली आणि वेढा घालणाऱ्यांवरच हल्ला केला. मराठ्यांचे नामांकित लोक पडले, वेढा उठला. माहीमच्या वाळूत झालेला हा पराभव लहान नव्हता. सगळी मोहीमच इथे संपली असती तरी कोणाला नवल वाटलं नसतं.

हंगाम अर्ध्यावर आला आणि सुरुवातीला बसवलेला डाव लागू पडत नाही असं दिसलं, की बास्केटबॉलचा प्रशिक्षक काय करतो? खेळाडू बदलता येत नाहीत, सामने थांबत नाहीत. पळण्यात तरबेज संघाला अंगावर अंग घालून खेळायला लावलं होतं, किंवा उंच गडी नसताना टोपलीखाली चेंडू द्यायचा हट्ट धरला होता, हे त्याच्या ध्यानात येतं. मग तो कागद फाडतो आणि हाताशी असलेल्या पोरांना काय जमतं तिथून नव्याने सुरुवात करतो. मराठ्यांची मोहीमही अशीच हंगामी असे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं, पाऊस तोंडावर आला की छावणीत परतायचं. १७३८ च्या दसऱ्यानंतर चिमाजीअप्पा स्वतः कोकणात उतरले तेव्हा त्यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न होता. प्रकृतीने ते नाजूक होते, छातीचं दुखणं होतं, वय अवघं तिशीच्या आसपास. सोबत मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे होते. दोघे घोड्यावरचे वाघ, आणि समोर पाणी, खाजण आणि तट.

त्यांनी काय बदललं ते पाहण्यासारखं आहे. पहिली गोष्ट म्हणजे वसईवर डोकं आपटणं थांबवलं. वसईला जिवंत ठेवणारे उत्तरेकडचे कोट आधी घ्यायचे असं ठरलं. मराठ्यांकडे पोर्तुगीजांना तोंड देईल असं आरमार नव्हतं आणि चार महिन्यांत ते उभंही राहणार नव्हतं. म्हणून गलबतांशी लढण्यापेक्षा गलबतांना टेकायची जागाच उरू द्यायची नाही, हा मार्ग धरला. दुसरी गोष्ट, गोव्याला हात बांधून ठेवणं. पेशव्यांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे फौज घेऊन गोव्याच्या मुलखात शिरले, त्यामुळे तिथला व्हाइसरॉय काऊंट सांदोमिल याला उत्तरेत माणसं पाठवणं जड झालं. पोर्तुगीजांचा नवा सेनापती पेद्रो द मेल्लो याने १७३८ च्या अखेरीस ठाणं परत घेण्यासाठी चाल केली. मुंबईच्या इंग्रजांनी त्याची आगाऊ खबर मराठ्यांना दिली, ठाण्याच्या तोफा तयार होत्या, आणि द मेल्लो तिथेच पडला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि ती या पालघरच्या किनाऱ्यावर घडली. तट चढायचा हट्ट सोडून तट खणायचा असं ठरलं. चढण्यात मराठा शिपाई पोर्तुगीज बंदुकीपुढे उघडा पडत होता. खणण्यात मात्र तो कोणाला हार जाणारा नव्हता. घाटावरचा शेतकरी मोहिमेच्या हंगामात शिपाई असे, बाकीचे महिने नांगर आणि कुदळ त्याच्याच हातात असायची. फौजेबरोबर बेलदार असायचे, विहिरी आणि तळी खणण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले. सह्याद्रीच्या कातळात पाणी शोधणारे हे हात. मोठ्या इतिहासांत त्यांना एखादं वाक्यही मिळत नाही, आणि हे खटकतं. कारण १७३९ चा हंगाम, होळकर-शिंद्यांइतकाच, या बेलदारांचा होता.

मोर्चे चालवणं म्हणजे काय ते जवळून पाहायला हवं. तटापासून तोफेच्या टप्प्याबाहेर पहिला चर पडतो. खणलेली माती किल्ल्याच्या बाजूला टाकायची, म्हणजे तिचाच बांध होतो आणि आडोसा मिळतो. तिथून पुढचा चर तिरका काढायचा, कारण सरळ काढला तर वरची बंदूक थेट त्याच्या आत पाहते. असं वाकड्या वाटेने, रात्री खणत आणि दिवसा दबून राहत, खंदकापर्यंत पोचायचं. मग जमिनीखालून बोगदा. पुढे एकटा बेलदार, गुडघ्यावर किंवा आडवा पडून, एका हाताला तेलाची पणती. त्याच्या मागे टोपल्या सरकवणारे. समुद्रकाठची जमीन म्हणजे वाळू आणि खारं पाणी. वाळू ढासळते म्हणून लाकडाचे टेकू द्यावे लागतात, खोल गेलं तर पाणी लागतं. पणती मंदावली की हवा संपत आली असं समजायचं. बुरुजाच्या पायाखाली पोचल्यावर पोकळी करून दारू ठासायची, तोंड दगडमातीने पक्कं बुजवायचं आणि बत्तीची वाट तेवढी मोकळी ठेवायची. दारूला ओल लागली की एवढ्या दिवसांची मेहनत पाण्यात. आणि हे सगळं चालू असताना डोक्यावर शत्रू चालतोय, तोही कान लावून ऐकतोय.

या कामाला दौडीपेक्षा वेगळी हिंमत लागते. ती चिमाजीअप्पांनी आपल्या लोकांत ओळखली, आणि तिच्याभोवती मोहीम फिरवली.

१७३९ च्या जानेवारीत आदल्या वर्षी जिथे मार बसला तेच माहीम प्रथम घेतलं. पाठोपाठ केळवे आणि शिरगाव गेले. आज पालघरहून रिक्षाने शिरगावला गेलं तर तो कोट अजून बऱ्यापैकी उभा दिसतो. दाराच्या आत पायऱ्या, वर फेरी मारता येईल असा तट, आणि अंगणात फांद्या फुटलेलं ताडाचं झाड. आपल्या ओळखीच्या ताडाला फांद्या नसतात. हा रावणताड, म्हणून येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे पाहतो आणि मग तटाकडे. केळव्याचा एक कोट तर भरतीच्या पाण्यात उभा आहे. ओहोटीला चालत जावं, भरतीला लांबून पाहावं. हे कोट जवळजवळ आहेत, एकावरून तोफ झाली तर दुसऱ्याला ऐकू जावी. म्हणूनच एक पडला की पुढच्याचा धीर सुटायचा.

तारापूरचा धीर सुटला नाही. तिथल्या शिबंदीने लढायचं ठरवलं.

चार सुरुंग तयार झाले. बत्ती दिली तेव्हा त्यातले दोन नीट उडाले आणि तटाला खिंडारं पडली. बाजी भिवराव रेठरेकर, रामचंद्र हरी पटवर्धन, यशवंतराव पवार आणि तुकोजी पवार आपापली निशाणं घेऊन खिंडाराकडे धावले. हे घोडदळातले नावाजलेले सरदार, इथे पायी, दगडांच्या ढिगावर चढत होते. आतून असा चिवट मारा झाला की खिंडारात पाऊल ठरेना. इथवरची गोष्ट वसईच्या शिड्यांसारखीच संपण्याच्या वाटेवर होती. पण यावेळी सगळी भिस्त एका जागेवर ठेवलेली नव्हती. खिंडारावर शिबंदी गुंतली असताना राणोजी भोसले दुसऱ्या अंगाने खंदक ओलांडून गेले, तटाला शिड्या लावल्या आणि तलवार उपसून आत उतरले. वसईला ज्या शिडीने दगा दिला होता तीच शिडी इथे कामाला आली, कारण तिच्या वरच्या टोकाला बंदूक रोखून बसायला आता पुरेसा माणूस नव्हता. तारापूरच्या या घडीत सगळी नवी रीत सामावलेली आहे: खणणाऱ्याने तट फोडायचा, निशाणवाल्यांनी शत्रूला खिंडारावर ओढून धरायचं आणि चपळ माणसाने भलतीकडून आत शिरायचं. प्रत्येकाला त्याला जमेल ते काम.

आत उतरल्यावरही लढाई संपली नाही. शिबंदी इंचाइंचाने मागे हटली, शेवटचा हात चालेपर्यंत लढली. चिमाजीअप्पांनी या शत्रूच्या शौर्याची मनापासून तारीफ केली, ते फिरंग्यांना शोभेल असं लढले असं लिहिलं. जिंकणाऱ्याने हे लिहून ठेवावं, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो.

त्याच हंगामात अशेरीही आली. आज मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून मनोर ओलांडताना दिसणारा हा उंच डोंगरी किल्ला जवळजवळ दोन शतकं पोर्तुगीजांकडे होता. डहाणूपर्यंतचा किनारा मोकळा झाला. वसईला उत्तरेकडून आता एक गलबतही सुखाने येणार नव्हतं.

फेब्रुवारीत वसईला मोर्चे लागले आणि तारापूरला जे चार सुरुंगांवर झालं तेच इथे अनेक पटींनी करावं लागलं. वाळूत चर, चरांतून बोगदे, बुरुजाखाली दारू. इथे खणणाऱ्यांनी फार मोठी किंमत मोजली. ऐन हल्ल्यात उशिरा उडालेल्या सुरुंगाने खिंडाराकडे धावलेले आपलेच लोक गाडले गेले. मराठ्यांचे मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांवर गेले. तिकडे दिल्लीवर नादिरशहा चालून आला होता, खानदेशात बाजीराव फौजेसाठी खोळंबले होते, आणि होळकर-शिंदे वसईच्या वाळूत अडकले होते. अशा वेळी वेढा सोडून उत्तरेला निघून जाणं सोपं होतं. चिमाजीअप्पा हलले नाहीत. मे महिन्यात किल्ला शरण आला. तहाची तारीख इंग्रजांच्या कागदांत ५ मे आणि पोर्तुगीजांच्या कागदांत १६ मे अशी दिसते, कारण इंग्रजांचं पंचांग तेव्हा अकरा दिवस मागे होतं. शिबंदीला मानाने बाहेर पडू दिलं आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. वसईच्या गावांत आजही जुनी चर्चं आणि मराठीच्या आपापल्या बोली बोलणारी ख्रिस्ती कुटुंबं नांदताना दिसतात, त्याच्या मुळाशी हे कलमही आहे.

विजयानंतर बांधलेलं वज्रेश्वरीचं देऊळ, पेशवाईत देशावर ठिकठिकाणी देवळांत टांगलेल्या पोर्तुगीज घंटा, वसईचे अवशेष, या सगळ्यांनी वसईचा विजय लोकांच्या नजरेपुढे ठेवला. तारापूरच्या वाट्याला तसं काही आलं नाही. पुढे हा किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे गेला. लढाईचं ठिकाण वाडीचं ठिकाण झालं, गाव त्याच्या अंगाखांद्यावर वाढलं. किनाऱ्यावर अणुऊर्जा केंद्र आलं, बोईसरला कारखाने आले, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. रोज सकाळी लोकलला लोंबकळत विरारकडे जाणाऱ्या इथल्या पोरांना पाठ्यपुस्तकात वसई मिळते, तारापूर एखाद्या ओळीत येतं.

त्या ओळीत बाजी भिवराव यांचं नाव तरी असायला हवं. खिंडाराकडे धावलेल्या सरदारांपैकी ते परत आले नाहीत. गोळी लागून ते तारापूरलाच पडले. बाजीराव, चिमाजीअप्पा आणि बाजी भिवराव यांचा लहानपणापासूनचा घरोबा होता. थोरल्या बाजीरावांनी बाजी भिवरावांच्या आईला, वेणूबाईंना, सांत्वनाचं पत्र धाडलं. तो माझा भाऊच होता, तो गेला म्हणजे माझीच एक बाजू गेली, आता मलाच तुमचा मुलगा समजा, अशा आशयाचं ते पत्र आहे.